उष्टी सुई

प्रिय बटण,

तू नव्या सुया न्यायला जातोस त्या केंद्रातल्या नर्सबाईंनी काल मला फोनवर विचारलं, "तुमच्या घरात सुईला उष्टी म्हणतात का हो?" म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. एरवी लिहिलं नसतं. मागच्या वेळी मी आईचं शिलाईचं मशीन विकू दिलं नाही म्हणून तू माझ्या दारात उभा राहून शिव्या घातल्यास, तेव्हाच मी ठरवलं होतं की आता पुरे, हा भाऊ आपल्याला नव्हताच असं समजायचं. पण ठरवलेलं धरून बसायला आता मला सवड नाही. तुझ्या रक्तात ती कावीळ पुन्हा सापडली आहे, हिपॅटायटिस सी. गोळ्यांनी ती पार गेली होती. ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मी माझ्या शिवणखोलीतल्या सगळ्या बायकांना चहा पाजला होता, आणि एवढी चिक्कू बाई आज चहा का पाजतेय म्हणून त्या दिवसभर एकमेकींना खुणावत होत्या. आता ती आलीय ती जुनी नव्हे, नवी लागलीय. म्हणजे तू पुन्हा कुणाची तरी वापरलेली सुई घेतलीस. एचआयव्ही अजून नाही. 'अजून' हा शब्द बाईंनी फार सावकाश उच्चारला.

बाई माझ्यासारख्याच आहेत, गोड बोलण्यात वेळ घालवत नाहीत. त्यांनी तुला सरळ विचारलं म्हणे, की खिशात आम्ही दिलेलं नव्या सुयांचं पाकीट आहे, फोडलेलंसुद्धा नाही, मग दुसऱ्याची का घेतलीस? त्यावर तू म्हणालास, "लंबूने स्वतःची दिली हो. नको कसं म्हणणार? माझं उष्टं चालत नाही का याला, असं वाटलं असतं त्याला." बाईंना वाटलं, तू नशेच्या तंद्रीत काहीतरी बरळतोयस. फोनवर सांगताना त्या जरा हसल्याही. मला हसू आलं नाही. मी समोरच्या मशीनचं चाक धरलं आणि धरूनच उभी राहिले. ते बघून बायकांनीही पायडल थांबवले.

तो लाल दोरा तुझ्या लक्षात आहे का, ते मला माहीत नाही. मी तो कधी विसरले नाही. आई-बाबा गेल्यावर काकांनी आपल्याला ठेवून घेतलं, तेव्हा मी दहाची होते आणि तू सहाचा. तू अंथरूण ओलं करायचास. आई नुकती गेलेलं पोर, दुसरं काय करणार? काकांनी तुझं ताट वेगळं काढलं, तुझ्या पेल्याच्या कानाला लाल दोरा बांधला आणि सगळ्यांना बजावलं, "याचं उष्टं जो खाईल तो याच्याशेजारी बसेल." तुझी बसायची जागा म्हणजे काकांच्या दुकानामागची इस्त्रीची खोली, बाहेरून कडी. कडी लावण्याआधी कापड मोजायचा गज. काकू तेव्हा चुलीकडे तोंड करून बसायची आणि भाजी उगाच ढवळत राहायची. मी मागच्या खिडकीपाशी जायचे. पेरूचा एक घास मी घ्यायचे आणि खिडकीच्या गजांतून तुला द्यायचे, मग तू एक घास घेऊन मला द्यायचास. पण देण्याआधी दर वेळी विचारायचास, "ताई, माझं उष्टं चालेल?" मी उत्तर न देता एवढा मोठा लचका तोडायचे की तू रडवेला होऊन म्हणायचास, "संपवलास की गं हावरट!" गालावर गजाचा वळ आणि भांडण पेरूचं. आपल्या लहानपणातलं हसणं एवढंच.

बाई म्हणाल्या, ज्यांचं लहानपण मारात आणि भीतीत गेलं ते दुसऱ्याची सुई जास्त घेतात, हे त्या कितीतरी वर्षं बघतायत. नवी सुई हातात असतानाही घेतात. मग त्यांनी विचारलं, तुमच्या भावाच्या लहानपणी काय झालं होतं? हा प्रश्न मला आधीही लोकांनी विचारलाय, आणि माझं उत्तर पाठ आहे, की काही नाही, आमचं घर शिस्तीचं होतं. काल मी ते उत्तर दिलं नाही. सगळ्या बायकांसमोर, उभ्याउभ्या, दोऱ्यापासून गजापर्यंत सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "म्हणजे याला सुई कुणी देत नाही हो, याला पंगतीत घेतात." त्यांना जे काल कळलं ते मला कळायला हवं होतं की नव्हतं, यावर मी विचार करणार नाही. त्याने तुझं रक्त साफ होणार नाही.

मी आज सकाळी, तुम्ही बसता त्या बंद गोदामाच्या जिन्यापाशी गेले होते. तुला हाताला धरून ओढत आणायचं, असं ठरवूनच गेले. तू नव्हतास. लंबू होता. मी त्याला काय काय सुनावायचं ते वाटेत घोकलं होतं. तर तो धडपडत उठला, "बटणची ताई ना तुम्ही? नाक सेम आहे," म्हणाला आणि मला बसायला पुठ्ठा झटकून दिला. त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा आहे, पाहिलायस का तू? त्याच्याकडे अर्धा कप चहा होता, स्वतःचा. मला काय द्यावं ते त्याला सुचेना, म्हणून कपाची कड शर्टाने पुसून त्याने तो माझ्यापुढे धरला. धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. बटण, ती नजर मी ओळखते. खिडकीच्या गजांतून मी ती रोज बघितलीय. मी चहा प्याले. तो म्हणाला, "प्यालात तुम्ही?" आणि मग उगाचच भिंतीकडे बघून खोकत बसला. त्यालाही तपासायला चल म्हटलं. बघू म्हणाला.

आमच्याकडे सुई तुटली तर सगळे तुकडे माझ्या तळहातावर ठेवल्याशिवाय मी नवी देत नाही, एखादा तुकडा कुणा पोराच्या झबल्यात राहायला नको म्हणून. बायका मला मागे "सुईमावशी" म्हणतात, मला माहीत आहे. बाईंच्या केंद्रातही तसंच, वापरलेली द्या आणि नवी न्या. आयुष्यभर परक्या पोरांना सुई लागू नये म्हणून डोळे फोडले, आणि घरचं पोर हे असं.

तुझं यकृत घट्ट होत चाललंय. गोळ्या पुन्हा मिळतील, पुन्हा तीन महिने, पण तू तोंड दाखवायला लाजशील आणि येणारच नाहीस, अशी बाईंना भीती आहे. मलाही आहे. भीतीशिवाय दुसरं काही माझ्याजवळ उरलेलं नाही. नशा सोड, असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, हवं तर परत वाचून बघ. म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. चहा, पाव, पाणी कुणाचंही उष्टं घे, त्याने हा आजार होत नाही, बाईंना विचारून खात्री केलीय. पण सुई, नशा विरघळवायचा चमचा, गाळायचा कापूस नाही. तिथे रक्त असतं, प्रेम नसतं. लंबूला वाईट वाटेल तर सांग, "ताई मारेल." चाळिशीतला बाप्या असं म्हणाला तर हसतील सगळे, हसू देत. लंबूने माझं नाक पाहिलंय, तो हसणार नाही. मला तू हवा आहेस रे. शिव्या घालणारा, झिंगलेला, कसाही. या जगात मला "माझं उष्टं चालेल?" असं विचारणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, आणि माझं उत्तर अजूनही तेच आहे.

सोमवारी सकाळपासून केंद्राच्या दाराशी बसते. ये.

तुझीच हावरट,
ताई

केंद्राच्या फिरत्या गाडीवर नर्सबाईंच्या हाती दिलं: हे पत्र. नव्या सुयांची दोन पाकिटं, एक तुझं, एक लंबूचं. तुझा पेला, कानाचा दोरा कापून. एक पेरू, अर्धा. पहिला घास माझा आहे.