कडेला मांडलेले कांदे

४ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र येत नाही म्हणजे तू मोठा साहेब झालास, असं मी शेजारीपाजारी सांगते. मला खोटं पाडू नकोस.

इकडे गणवेशाच्या कारखान्यात काम अर्ध्यावर आलंय, पगारही. आम्ही अकरा जणींनी ठरवलं, अकरा घरी अकरा पातेली खरवडत बसण्यापेक्षा एकच पातेलं भरू. ज्या घरी जे असेल ते आणायचं. कुणी दोन बटाटे, कुणी मूठभर डाळ, काजं करणारी तर नुसतं मीठ आणते आणि त्याचं दुप्पट कौतुक करून घेते. दुपारी एकला कापड कापायच्या टेबलावर जेवायचं. वाढायला मी, कारण माझा हात आखडता आहे. एवढ्या एकाच बाबतीत सगळ्यांचं एकमत आहे.

पहिल्याच दिवशी मी घोळ घातला. आईची सवय आठवते ना, पानं मोजताना जो घराबाहेर असेल त्याला आधी मोजायचं, मग घरातल्यांना? माझ्या हातून तशीच मोजणी झाली आणि बारा ताटं वाढली गेली. बारावं कुणाचं म्हणून सगळ्या हसल्या. मी ते परत पातेल्यात ओतायला वळले, तर ताट रिकामं. सांडलवंड नाही. कुणीतरी नीट जेवून उठल्यासारखं.

तेव्हापासून रोज हेच. अकराच वाढायची असं ठरवून बसते, पण हात ऐकत नाही. इस्त्रीवाली म्हणते, मांजर आहे. तिला राग येणारच. उरलंसुरलं ती डब्यातून तीन पोरांना नेणार होती, पण काही उरतच नाही. मी तिला सांगितलं, आमचा बोका तर शहरात ऑफिसात बसतो.

तब्येत सांभाळ. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर ठेवायला जागा नाही.

तुझी
ताई

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मांजरच ते. अकरा बायका आणि एक मांजर, यात मांजर शहाणं निघालं एवढंच.

आमच्या दारिद्र्य निर्मूलन व ऐक्य कार्यालयात ऐक्यावर चार तास सभा झाली. मधल्या सुट्टीत साहेब लोक वरच्या मजल्यावर जेवले, कारकून खालच्या आणि शिपाई जिन्यात. फलक मात्र एकच, तिन्ही ठिकाणांहून दिसेल असा टांगलेला. अक्षर अर्थात माझं. तेव्हा या विषयातला जाणकार म्हणून सांगतो, बारावं ताट ताबडतोब बंद करा. ज्याचं नाव-गाव माहीत नाही त्याला वाढणं याला ऐक्य म्हणत नाहीत, गलथानपणा म्हणतात. इस्त्रीवालीच्या पोरांचा विचार कर.

माझी काळजी नको. हल्ली दुपारी भूकच लागत नाही. एकच्या सुमाराला पोट आपोआप भरतं, ढेकरही येतो. हवापाणी मानवलं म्हणायचं. मंगळवारी मात्र दिवसभर तोंडात करपल्याची चव होती आणि जिभेवर निळा दोरा सापडला. उशीच्या अभ्र्याचा असेल.

रागावण्याइतका लोभ तरी असू द्यावा.

तुझा
बोका

२२ फेब्रुवारी

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

त्या मंगळवारी माझ्या हातून डाळ करपली होती. आणि गणवेशाला सध्या निळा दोरा चालू आहे.

हे वाचून झालं असेल तर जरा बसून घे. मीही बसूनच लिहितेय.

गेल्या आठवड्यात आम्ही खातरजमा केली. दार लावलं, खिडक्यांच्या कड्या घातल्या, बारावं ताट टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि अकरा जणी डोळे लावून बसलो. मशिनं बंद. इतकं शांत, की गार होणाऱ्या इस्त्रीची टकटक ऐकू यायची. ताट भरलेलं होतं. मग ते रिकामं होतं. मधलं कुणालाच सांगता येत नाही. काजं करणारी एवढंच म्हणाली, की बाकावर आपल्या शेजारी कुणीतरी टेकतंय असं वाटलं, आणि आपण न कळत सरकून जागा दिली. ती सरकलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली.

ताटाच्या कडेला कांद्याचे तुकडे होते. एका ओळीत, मोठ्यापासून लहानापर्यंत. असे कांदे मांडणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि त्यापायी त्याने आईचा मार खाल्लाय. मी कुणाला काही बोलले नाही.

इस्त्रीवालीने मात्र निर्वाणीचं सांगितलं. मांजर असो की भूत, दोघांचाही नंबर तिच्या पोरांच्या मागे. मग मी तुझा सल्ला वाचून दाखवला. सरकारी भाषा ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि सोमवारपासून ताट बंद करायचं ठरलं.

बोक्या, खरं सांग, तू जेवतोस ना? आणि तुझी पत्रं जुन्या पत्रकांच्या पाठीवर का असतात?

उत्तर लवकर धाड. लोभाचं नंतर बघू.

ताई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी एक वाजला आणि काहीच झालं नाही. मंगळवारीही नाही. आज पाचवा दिवस, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय.

नोव्हेंबरात आमच्या कार्यालयाने दारिद्र्य संपल्याचं जाहीर केलं. टाळ्या झाल्या, साहेबांना हार घातले. दारिद्र्यच उरलं नाही तर ते हटवणारे कशाला, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्हाला घरी पाठवलं. तो शेवटचा फलक मीच रंगवला होता, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू? तुला लिहिलेली सभा गेल्या वर्षीची. आता मी गरीब नाही, कारण गरीब कुणी शिल्लकच नाही. फक्त घरात खायला नाही.

माझ्या भिंतीपलीकडे आमची टायपिस्ट राहते. तिलाही काढलं. पूर्वी तिच्या भांड्यांचा आवाज यायचा, आता येत नाही. जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकांना सांगतो, जेवण झालं.

ते ताट माझं आहे हे तुझं पत्र वाचून कळलं, आणि ते बंद करायला मीच सांगून बसलो होतो. एवढी चोख अंमलबजावणी माझ्या एकाही सल्ल्याची आजवर झाली नव्हती. इस्त्रीवालीच्या पोरांच्या तोंडचं मला नको. त्यांचं आधी होऊ दे. त्यातून काही उरलंच, तर मोजताना मला आधी मोज.

लोभ ठेव, असं यापूर्वी सवयीने लिहीत होतो.

बोका

८ मार्च

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद, आणि तितक्याच शिव्या.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. तुझी अब्रू गेली तर जाऊ दे, तिच्यावर काही शिजत नव्हतं.

वाचून संपलं तरी कुणी घास उचलेना. इस्त्रीवालीने एकाच बाहीची चारदा घडी घातली. मग उठून तिने फळीवरचं बारावं ताट काढलं आणि आपल्यातलं अर्धं त्यात वाढलं. म्हणाली, मांजराला नाही म्हणता येतं. हे आधी का नाही सांगितलं? मग सगळ्यांनी एकेक डाव घातला. काजं करणारीने मीठ घातलं. पोरांचा डबा सगळ्यांनी मिळून आधी भरून ठेवला होता.

ताट रिकामं झालं. कडेला सात कांदे. सगळ्या जणींनी वाकून मोजले. अंगावर काटा आला, नाही असं नाही, पण कुणी मागे सरकलं नाही.

आता माणसासारखा ये आणि तोंडाने जेव. कापड कापणारा सोडून गेलाय, तिथे एक हात हवाय, मी सुपरवायझरला बोलून ठेवलंय.

वाट बघते. लोभ प्रत्यक्षात वाढीन.

ताई

१९ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

तू खोली सोडायला शहरात गेलास, परत यायला आठ-दहा दिवस लागणार, तोवर थांबवत नाही म्हणून लिहिते.

परवा तू आमच्यात बसून जेवलास. बारा माणसं, बारा ताटं, कांदे कडेला. इस्त्रीवाली तुला हसली आणि तू तिला फलकाचं अक्षर शिकवायला निघालास. त्या गडबडीत तू पाहिलं नाहीस. मी सवयीने बाहेरचा आधी मोजला होता. टेबलाच्या टोकाला तेरावं ताट होतं.

तेही रिकामं झालं, बोक्या. त्यात कांदा एकही शिल्लक नव्हता. गाजराच्या चकत्या तेवढ्या उरल्या होत्या, एकावर एक, कागदाच्या गठ्ठ्यासारख्या कडा जुळवून रचलेल्या.

आम्ही सगळ्या त्या गठ्ठ्याकडे बघत बसलो. आज इस्त्रीवालीने घरून मोठं पातेलं आणलं.

निघण्याआधी शेजारचं दार हळूच वाजव आणि टायपिस्टला विचार, तिला गाजर आवडत नाही का. ती म्हणेल, जेवण झालं. या वेळी ते खरं असेल. तरी तिला सोबत घेऊन ये.

उद्यापासून गाजर घालत नाही, हेही सांग. लोभ आता दोघांनी वाटून घ्या.

तुमची
ताई