नणंदेला न विचारता

३ मार्च, सोमवार
शाळेत असताना गणिताच्या बाई आईला म्हणाल्या होत्या, तुमच्या मुलीला कुणाची मदत लागत नाही. हे वाक्य मी आयुष्यभर जपलंय. आज कामी आलं. आमच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्यांवर बारकोडची लेबलं छापायला प्रोग्रॅम हवाय. साहेब बाहेरून करून घेणार होते. मी म्हटलं, मीच लिहिते. म्हणाले, पुढच्या सोमवारी चालला तर हे टेबल तुमचं. नाही तर तळघरात नमुन्यांच्या खोलीत जागा आहेच. तळघराला खिडकी नाही. पण प्रश्नच येत नाही.

४ मार्च
लॅपटॉपवर कम्पायलर घातला, म्हणजे लिहिलेला कोड चालता करणारं सॉफ्टवेअर. पहिला प्रोग्रॅम चालला! पडद्यावर ‘नमस्कार’ उमटलं. जेवताना सहज सांगितलं. नणंद प्रोग्रॅमरच आहे. म्हणाली, छान गं वहिनी, आता बारकोडची लायब्ररी जोड, लोकांनी लिहून ठेवलेला कोड तयार मिळतो. मी म्हटलं, आयत्या पिठावर रेघोट्या ओढायची मला सवय नाही. तिनं आणखी एक पोळी वाढून घेतली. पटलं असावं.

६ मार्च
रेघा स्वतःच काढल्या. सुबक आल्या. स्कॅनरला वाचता येत नाहीत. स्कॅनर जुना आहे. (साबणाच्या वेष्टनावरचा कोड मात्र वाचला त्यानं. योगायोग.)

७ मार्च
लायब्ररी घेतली. हार नव्हे, वेळेची बचत. तर ही लायब्ररी म्हणते, मला दुसरी लायब्ररी हवी. दुसरीला नवा कम्पायलर हवा. नव्या कम्पायलरवर पहिली चालेना. सुनेला सासू हवी, सासूला आत्या हवी, आणि आत्या म्हणते, मी आले तर सून घरात नको.

८ मार्च, दुपार
सगळं पुसून पुन्हा घातलं. पुन्हा तिथंच. दाराला कडी नाही, तरी खोलीतून निघता येत नाहीये. लेक म्हणाली, आई, आत्याला विचार ना. म्हटलं, होतच आलंय. मग नणंदच डोकावली, काही अडलंय का? लॅपटॉप मिटून म्हटलं, छे गं. चुकांच्या लाल ओळी तिला दिसल्या नसाव्यात.

९ मार्च, रविवार
साहेबांचा फोन. उद्या मोठे डॉक्टरही बघायला येणार.
बाईंचं ते वाक्य पुन्हा आठवलं. बाई हसत नव्हत्या. आई मान खाली घालून उभी होती. तक्रार होती ती.
नणंद भिंतीपलीकडेच आहे. उठून जाववत नाही, म्हणून मेसेज लिहिलाय. नाहीच म्हणेल. मीही म्हटलं असतं.
जरा येतेस का गं? प्रोग्रॅम तेवढा चालू करून दे. आणि घरात कुणी विचारलं, तर वहिनीनंच केला म्हणून सांगशील?