हात कुठे सोडायचा

नॉटविल, ११ सप्टेंबर

प्रिय गालुसदादा,

तू आणि बर्नाडेटवहिनी बरे असाल असं धरून चालते. तुमच्याकडच्या गाई डोंगरावरून उतरल्या का? इथे तळ्यावर सकाळी धुकं असतं. ते विरलं की आम्ही सगळे ट्रॅकवर. ईस्टरनंतर तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. फोनवर तू नुसता ‘हं’ म्हणतोस, म्हणून हे पत्र. पत्राला ‘हं’ म्हणता येत नाही.

बातमी चांगली आहे. या उन्हाळ्यात मी वेगात आहे, वयाला शोभणार नाही इतकी. रविवारी इथेच मोसमातली शेवटची शर्यत आहे, पंधराशे मीटरची. माझ्या निम्म्या वयाच्या मुली सरावात मागे पडतात आणि मागून ओरडतात, आजीबाई, जरा दमानं. मी दमानं घेत नाही.

हा वेग कुठून आला ते सांगते. तू सुतार आहेस, तुला कळेल. शर्यतीच्या व्हीलचेअरमध्ये चाक हातात धरायचंच नसतं. पाय अंगाखाली दुमडून, मान खाली घालून बसायचं आणि चाकाला बाहेरून जी लहान कडी असते तिच्यावर मूठ हाणायची. चाक म्हणजे घड्याळ समज. एकच्या आकड्याशी घाव, तिथून कडी दाबत खाली न्यायची, सहा ओलांडले की मनगटाचा एक झटका आणि हात मोकळा. कोपर मागे वर उडतं आणि पुन्हा घाव.

माझा हात मात्र आठपर्यंत कडीला चिकटून असायचा. मला त्याचा केवढा अभिमान होता. शेवटचा थेंबही सोडत नाही, असं मी नव्या मुलींना सांगायची.

मे महिन्यात अलॉइसने माझ्या खुर्चीला मापाचं चाक लावलं. प्रत्येक घावाला किती जोर लागला ते त्यातून पडद्यावर उमटतं. (अलॉइस आठवतो ना? माझा प्रशिक्षक, तुझ्या लग्नात चीजवरून वाद घालणारा.) पडद्यावरची रेघ डोंगरासारखी चढली, उतरली आणि शेवटी शून्याच्याही खाली गेली. प्रत्येक वेळी. अलॉइस अक्रोडाचा पाव खात होता. तोंडातला घास संपवून म्हणाला, "घाव झकास घालतेस, बाई. मग चाकाला मिठी मारून बसतेस. सातनंतर तू ढकलत नाहीस, अडवतेस."

मी म्हटलं यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, यंत्राला तुझ्याशी भांडायचं काही कारण नाही.

मग मी हातमोजे नवे केले. आमचे मोजे कडक प्लास्टिकचे असतात. त्याचे दाणे गरम पाण्यात मऊ करून प्रत्येकीने आपल्या मुठीवर चेपून घ्यायचे. माझ्या जुन्या मोज्यांना अंगठ्याशी पुढे आलेला एक ओठ होता, आकड्यासारखा, तोच कडीला धरून ठेवायचा. मॅकरोनीच्या पातेल्यात ते मोजे मऊ केले आणि बिनओठाचे चेपले. पहिले काही आठवडे वाईट गेले. सहाशी हात सोडणं म्हणजे काम अर्धं टाकून उठणं, आणि ते आपल्या घरात कुणी कधी केलं नाही. पण एके दिवशी हात सुटला आणि चाक आपलं आपण पुढे गेलं. दादा, इतकी वर्षं ते तयारच होतं. मीच त्याला जाऊ देत नव्हते.

अलॉइसने तेव्हा आणखी एक विचारलं होतं. सात ते आठच्या त्या जागेत खांदा आतल्या अंगाला पिळला जातो. तिथे दुखत नाही? मी नाही म्हटलं. त्याने नुसती दोन बोटं उजव्या खांद्यावर ठेवली आणि मी कळवळले.

स्नायूचा दोर निम्मा फाटलाय. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणारी आहे. नव्या पद्धतीने एक शर्यत चालेल म्हणाली, आणखी एक मोसम नाही. तेव्हा रविवारची शर्यत मोसमातली शेवटची, आणि माझीही. रडतबिडत नाहीये. ती मला जिंकायची आहे आणि मला वाटतं मी जिंकेन.

ऑक्टोबरात शस्त्रक्रिया. त्यानंतर बरेच महिने उजव्या हातावर भार द्यायचा नाही. म्हणजे पलंगावरून खुर्चीत मला दुसऱ्या कुणीतरी उचलायचं. इथल्या केंद्रात जागा मिळेल, माणसं प्रेमळ आहेत, फार प्रेमळ. मला करवादणारं कुणीतरी हवंय. तुमची खालची खोली रिकामी असते. वहिनीच्या हातची बटाटे घातलेली मॅकरोनी आणि वर सफरचंदाचा गोड लगदा, एवढ्यावर मी गप्प बसेन. बहुतेक.

आता ईस्टरचं. तू माझ्यासाठी दाराशी लाकडी उतार केला होतास. मी निम्म्यावर थांबले आणि सगळ्यांदेखत म्हणाले की यावर तुझ्या शेळ्या चढतील, मी नाही. सगळे हसले, तू हसला नाहीस. मग जेवताना तू म्हणालास, "खांदे हेच तुझे पाय आहेत. ते झिजवून पदकं कसली आणतेस?" मी ताट तसंच ठेवून निघाले.

वहिनीने मला लिहिलं की तू फळ्या काढून गोठ्यामागे रचल्यास. अजून संध्याकाळी दाराशी जाऊन कोन मोजतोस आणि कुठे चुकलं ते तुला सापडत नाही, असंही लिहिलं.

सापडणार नाही. निम्म्यावर माझा खांदा गेला होता.

रविवारी दुपारी दोनला ये. जमलं तर ट्रॅकच्या वळणावर एक खांब आहे, त्याच्याशी उभा राहा, तिथून हात नीट दिसतात. नाही जमलं तरी घरी एवढं कर. फळ्या आण आणि होत्या तशाच लाव.

उतार बरोबर होता, दादा.

रेगुला