आज प्रार्थना आपल्याच घरी

मृणाल,

काल सुपेल्याच्या बाजारात तू अनोळखी बायांले आपल्या एस्तेरचं बायबलातलं नाव लपवून आस्था सांगतलं. कोणाले विचारून? सासू मेली काय घरातली?

तुले चांगली झापणार होती. पण आज सकाळी प्रार्थना बंद पाडत फिरणारे दोन माणसं दारावर आले. "यहाँ प्रार्थना होती है क्या?" मी म्हटलं, "नहीं भैया, हम लोग वैसे नहीं हैं." एस्तेर मागंच उभी होती. ते गेल्यावर म्हणते, "आजी, मग आपण कोणाचे आहो?" तरी मी प्रार्थनेले येणाऱ्या सगळ्या बायांले फोन करून आज येऊ नका म्हटलं.

आता त्यांले पुन्हा बोलवाले घरोघरी चालली. पाच वाजता प्रार्थना होईन. सतरंजी टाकून ठेव. पोरीले जवळ घेऊन बस. ते माणसं पुन्हा आले तर काय करतील, याचं भेव आहेच. पण प्रभूले कोणतं तोंड दाखवू, याचं भेव त्याहून मोठं आहे.

आल्यावर सगळ्या बायांसमोर तुले मोठ्यानं सांगीन, "मृणाल, तू लेकरासाठी भ्याली. मी माझ्या जिवासाठी भ्याली. आपल्या दोघीत लबाड मीच."