शेतस

३ नोव्हेंबर, धुळे

कोल्हापूरहून निघताना आईचा एकच घोर, तिकडे खायचं काय! इथे पाऊल टाकताच घरमालकीण यशोदाबाईंनी भरीत आणि कळण्याची भाकरी पुढे ठेवली. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि आईला फोन करून चिडवलं. नोकरीही झकास आहे. सातपुड्याच्या उताराचा नकाशा शंभर-शंभर मीटरच्या चौकोनांत पाडलाय. प्रत्येक चौकोनाला आकडा द्यायचा: एक म्हणजे जंगल, दोन शेत, तीन वस्ती. आकडे भरले की पन्नास वर्षांत जंगल कुठे वाढेल, कुठे हटेल ते संगणक दाखवतो. आमचे प्रमुख योगराज सर म्हणाले, आपल्याकडे साग दोन मिनिटांत वाढतो. सगळ्यांबरोबर मीही हसले.

६ नोव्हेंबर, शिरपूरच्या पुढे

उपग्रहाच्या फोटोत एकच चौकोन डोंगराच्या सावलीने काळा आलाय, मोहपाणीचा. तो डोळ्यांनी पाहून भरायचा. सोबत हिलालभाऊ, जुने वनमजूर. चढण तीन तासांची, माझे बूट नवे, टाचा सोललेल्या. खालूनच विचारलं, वर काय आहे? त्यांनी काठी उचलून दाखवलं, म्हणाले, "तठे मानसे शेतस." माणसांची शेतं, एवढं कळलं. दोन लिहिलं. फॉर्मवर 'प्रत्यक्ष पाहिले' यावर खूण केली, सही ठोकली आणि टपरीवर चहाला बसले. हिलालभाऊ माझ्याकडे जरा बघत राहिले, मग त्यांनीही चहा घेतला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज संगणक चालवला. चढावरचं शेत दहा वर्षांत ओस पडतं, तिसाव्या वर्षी तिथे सागवान उभं राहतं. मोहपाणीचा चौकोन इतका देखणा हिरवा झाला की सरांनी बैठकीत तोच मोठा करून दाखवला. माझं नाव घेतलं. टाळ्या पडल्या, नकाशा मंजूर झाला. अंगावर मूठभर मांस चढलं माझ्या.

१५ नोव्हेंबर

यशोदाबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या, "घरमा पाव्हना शेतस, मंग बोलसू." मी चेष्टेने विचारलं, घरात कसलं शेत हो? त्या पोट धरधरून हसल्या. अहिराणीत शेतस म्हणजे आहेत. घरात पाहुणे आहेत.

तिथे माणसं आहेत.

जेवण गेलं नाही. शब्द कळला नाही याची लाज नाही. भाषा काय, शिकता येते. लाज त्या सहीची वाटते. सोमवारी सरांना सांगेन.

१७ नोव्हेंबर

मंजूर नकाशातला आकडा बदलायचा तर एक रकाना भरावा लागतो, चूक का झाली त्याचा. तो थेट सरांकडे जातो. 'ढग होते' लिहिलं, खोडलं. 'टंकनदोष' लिहिलं, खोडलं. खरं कारण चार शब्दांचं आहे: मी तिथे गेले नव्हते. तेवढ्यात सर शाबासकी देऊन गेले. मी रकाना बंद केला.

१९ नोव्हेंबर

चढले एकदाची. पाच घरं आहेत. सुगंधाबाई नावाच्या म्हातारीने पाणी दिलं. चुलीशेजारी, सारवलेल्या जमिनीतून सागाची रोपं वर आलेली. गेल्या बुधवारपासून येतात, म्हणाली. सकाळी उपटावीत तर संध्याकाळी कमरेएवढी. सून तान्ह्याची झोळी दुसऱ्या आढ्याला बांधत होती, पहिल्या झोळीखालून कोंब फुटला होता. मला सरकारी समजून म्हातारीने विचारलं, "बाई, आमनं नाव लिखं ना?"

लिहिलं, म्हणाले. तिचंच पाणी पिऊन म्हणाले. जीभ झडली कशी नाही माझी?

२१ नोव्हेंबर

रकाना उघडला. तीन शब्द लिहिले. चौथा लिहवेना. सगळे हसतील, सर बघतील. उद्या नक्की.

२४ नोव्हेंबर

उद्या म्हणता म्हणता तीन दिवस गेले. हिलालभाऊंना फोन केला, सुगंधाबाई कशा आहेत? कोण सुगंधाबाई, म्हणाले. "तठे बठ्ठं जंगल शे."

तिथे सगळं जंगल आहे. या वेळी शब्दन् शब्द कळला.

२५ नोव्हेंबर

गेले. साग — कवेत न मावणारे. घरं नाहीत, चूल नाही, वाटही नाही. एका खोडात जातं रुतलंय, सालीने गिळलेलं, नुसता खुंटा बाहेर. मी बघत होते आणि तो खुंटा फिरला. लाकडाच्या आतून — लिखं ना, बाई?

आणि मी हो म्हणाले. पुन्हा हो म्हणाले!

२६ नोव्हेंबर, ऑफिस

दुपारी सर नकाशा कायम करणार. मग रकाना बंद. दोनाऐवजी वस्तीचा तीन भरला तर ती माणसं परत येतील — कदाचित — ते तान्हं तरी —

बोटं वळत नाहीत. नखांखाली हिरवं — पाय फरशीवरून उचलत —

सर समोरच आहेत. हाक मारावी. पण विचारतील, हे कशाने झालं —

आधी इथे वहीत लिहून बघते. मग तिथे. लाज गेली तर जाऊ दे —

कारण: मी तिथे गेले न—