हरणीची मुक्ती

गुरुवार, २८ ऑगस्ट. सकाळी ११.२०
पर्युषणाचा पहिला दिवस. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, महाराजांसमोर नियम घेतला. लोक दहा दिवसांपुरतं दूध-तूप सोडतात. मी जन्मभरासाठी सोडलं. शिवाय ‘माझ्या घरात आणि गोठ्यात’ असे शब्द मुद्दाम घातले, पळवाट नको म्हणून. माईक चालू होता.

मागे आठ महिन्यांचा स्वतःचा अभ्यास आहे. लेथ मशीनवरचं काम मला कुणी शिकवलं नाही, कुपवाडच्या शेडमध्ये बघून बघून शिकलो. अहिंसाही तशीच. कांदा-बटाटा वर्ज्य करून वर पेलाभर दूध पिणारे आमचे लोक मोजमापात कच्चे आहेत. दूध म्हणजे रेडकाच्या तोंडचा घास. विषय संपला.

घरी आल्यावर बायकोनं, गुणमालानं, एवढंच विचारलं, “आवं, पण म्हस कुणाची?”

म्हैस तिची आहे. हरणी. माहेरहून, कडेगावातून, रेडी आणून वाढवलेली. बस्तीच्या अभिषेकाला कित्येक वर्षं हरणीचंच दूध जातं. सांगितलं, तत्त्वात मालकी येत नाही.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
धार काढणं बंद. रेडकू पिईल तेवढं पिईल, उरलेलं निसर्ग बघेल.
कोरा चहा. डोकं ठणकतंय. शरीर शुद्ध होत असावं.
पाकीट चामड्याचं निघालं. विचारांती रेषा ठरवली: १ जानेवारी २०१५. त्याआधीचं चामडं माफ. लेथच्या ग्रीसमध्ये चरबी असू शकते असं वाचलं. यंत्र चव घेत नाही. माफ.

रविवार, ३१ ऑगस्ट
हरणी पहाटेपासून ओरडतेय. कास दगडासारखी. डॉक्टर आले. “दगडी झालीय. धार का काढली नाही?” मी पाच मिनिटांत तत्त्व समजावलं. म्हणाले, “ते म्हशीला सांगा.” उर्मट माणूस.
धार काढावीच लागली. गुणमालानं काढली. दूध मी गटारात ओतलं. दोन लिटर साडेतीनशे मिली, मापून. ती म्हशीच्या पोटाला डोकं टेकून बसून राहिली. सूर्यास्ताला, म्हणजे आमची जेवणाची वेळ संपायला, सात मिनिटं उरली तेव्हा उठली. जेवली नाही.

शुक्रवार, ५ सप्टेंबर
दोन सडं कायमची गेली. म्हणजे निम्मं दूध आपोआप बंद. नियमाच्या दृष्टीनं प्रगती.
तरी दोन सडं उरतात, आणि ‘गोठ्यात’ हा शब्द माझाच आहे. हरणीला पाठवावं लागेल. गुणमाला म्हणाली, “महाराजांकडं जाऊन एक शब्द कमी करून घ्या की. मी बी येते, मी सांगते माझी चूक झाली म्हणून.”
चूक कुणाचीच झालेली नाही. मग कमी काय करायचं?

रविवार, ७ सप्टेंबर
बिराप्पा आला. आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला येतो तो धनगर. “आण्णा, म्हस मला द्या. दूध दिलं तर पिऊ, न्हाई दिलं तर ऱ्हाईल दावणीला. आमी म्हातारं जनावर इकत न्हाई. वैनी, कवाबी येऊन बघून जावा.”
गुणमाला लगेच तयार. मी विचारलं, मटण खातोस?
“व्हय की. का, जेवाय येताय?”
नकार दिला. मांसाहाऱ्याच्या दारात हरणी बांधणार नाही. रेषा म्हणजे रेषा.

मंगळवार, ९ सप्टेंबर. संध्याकाळी ५.१०
नानासो, जनावरांचा व्यापारी. गळ्यात माळ. एकेक विचारून घेतलं. मटण? न्हाई. मासे? न्हाई. अंडं? “आण्णा, बेकरीतला केकबी खात न्हाई.” पूर्ण समाधान.
रेडकूही बरोबर दिलं. आई-लेकराची ताटातूट माझ्या तत्त्वात बसत नाही.
हरणी टेम्पोत चढेना. चौघांनी ढकललं. शेवटी गुणमालानं पुढून हाक मारली, तेव्हा चढली.

गुरुवार, ११ सप्टेंबर
नानासोला फोन केला. सहज, चौकशी म्हणून. म्हणाला, “ती कालच म्होरं गेली.”
म्होरं कुठं?
“दोन सडाची म्हातारी म्हस म्होरं कुठं जाती, ते तुमाला सांगाय पायजे व्हय?”
मी म्हणालो, तू तर शाकाहारी.
“खात न्हाई, आण्णा. इकतो. तुमी खायाचंच इचारलं हुतं.”

प्रश्नाची रचना अपुरी होती, हे मान्य. पण माझ्या दारातून गेली तेव्हा हरणी चार पायांवर उभी होती. रवंथ करत होती. माझ्या हातून काही झालेलं नाही.
रेडकाचं विचारलं नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर. सकाळी ७.०५
गुणमालाला सांगितलंय, कोरेगावकडं चांगल्या घरी आहे. सगळं घर शाकाहारी. ऐकून तिला बरं वाटलं. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली.
तिनं पिशवीत पेंड भरून ठेवलीय. रविवारी सकाळच्या एस.टी.नं बघायला जायचं म्हणते. मीही चलावं असा आग्रह.
पत्ता कागदावर लिहून मागितलाय.