भरलेली बाटली आणि सुकलेला माणूस

फुलपाडा, विरार (पूर्व)
एप्रिल २००३

तीर्थरूप आशाताईस,

सुधाकरचा दंडवत (कंबर परवानगी देईल तितकाच वाकून). तुझे गुडघे, भावोजींची साखर आणि सांगलीचं ऊन, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो.

तू पाठवलेली सायकलची बाटली पोचली. सूचनाही पाठ झाल्या: तहान लागायच्या आधी घोट घ्यावा, पाण्यात लिंबू, मीठ, साखर असावी, खिशात राजगिऱ्याची चिक्की. (शाळेतली पोरं तुला का टरकायची ते आता कळलं.) मी रोज सकाळी पाचूबंदरापर्यंत जाऊन येतो. विनिता गेल्यापासून दोघांच्या घरात एकट्याला बसवत नाही, एवढंच त्यामागचं आरोग्य.

आता वाटेत मी पाणी मागतो, हे खरं. पण नुसतं पाणी देतंय कोण? कुणी सोबत गुळाचा खडा देतं, कुणी खुर्ची टाकून गाव कुठलं ते विचारतं. बंदरावरच्या इझाबेलबाई तर पाण्यामागून चहा-पाव देतात आणि नवऱ्याच्या तक्रारी सांगतात. परतताना पोटात नुसतं डुचमळतं, आणि (बहीण आहेस म्हणून लिहितो) आडोसे शोधावे लागतात.

गेल्या रविवारी मात्र निघायला उशीर झाला नि फजिती झाली. रविवारी त्या वेळी बंदरावरची माणसं मिस्साला जातात, हे माझ्या डोक्यातच नाही! ज्या दाराशी जावं तिथे कुलूप. ऊन चढलं, पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि इझाबेलबाईंच्या पायरीवर मी आडवा झालो. चर्चमधून आल्यावर त्यांनी आधी माझ्या सायकलची बाटली काढली, हलवून पाहिली आणि निम्मी माझ्या डोक्यावर ओतली.

"बाटली भरलेली नि मानूस सुकलेला," त्या म्हणाल्या. "भाऊ, तू पानी मागायला येतच नव्हतास."

मग त्यांनी चहा टाकला.

भावोजींना नमस्कार, आणि तुझ्या धाकट्या भावावर लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुधाकर

ता. क. चिक्की मुंग्यांनी खाल्ली. त्यांना मानवली.

आणखी एक ता. क. बाटली परत पाठवतोय, रागावू नकोस. मे महिन्यात तूच ये आणि जमेल तितकं राहा. मी सायकल लावली की विनिता तांब्या घेऊन दारात उभी असायची. तुझे गुडघे दुखतात, तू उठूही नकोस. आतून नुसतं "आलास का रे?" एवढं विचार. पाणी माझं मी घेईन.